बाक पोचले, पोच राहिली

कुडाळ एमआयडीसीत छोटं फॅब्रिकेशन युनिट चालवणाऱ्या एका ताईंचं पत्र आलं आहे. त्यांच्या इच्छेप्रमाणे नाव देत नाही. पत्र चार पानी आहे, म्हणून थोडक्यात सांगते. वडील गेल्यावर ताईंनी आणि धाकट्या भावाने शेड सांभाळली. ग्रिल, गेट, पत्र्याच्या शेडची कामं नेहमीची. गेल्या वर्षी त्यांनी पहिल्यांदा सरकारी निविदा भरली आणि एल-वन, म्हणजे सर्वात कमी दराच्या, आल्या. ३८ शाळांना लोखंडी बाक पुरवायचे, काम दहा लाखांचं, वर जीएसटी. नफा आठ टक्के धरला होता. माल मार्चमध्ये पोचवला. आता डिसेंबर चालू आहे आणि बिल निघालेलं नाही. मध्ये एकदा त्रुटी काढून परत आलं, कारण सहा शाळांची पोच नाही. त्यातच चाळीस लाखांची नवी निविदा निघाली आहे, आणि जिल्ह्यातले एक जुने पुरवठादार निरोप पाठवतात की आमच्या टेंडरला सपोर्ट द्या, पुढचं काम तुमचं. भाऊ म्हणतो, "सरकारी काम नको गो बाये, पैसे येवक वर्सां जातत." ताई विचारतात : अडकलेले पैसे कसे काढू, त्या माणसाला काय सांगू आणि नवी निविदा भरू का?

ताई,

तुमच्या भावाचं वाक्य वाचून थांबले. चिपळूणमध्ये वसतिगृहांना आणि दवाखान्यांना माल पुरवण्यात माझी बरीच वर्षं गेली, आणि हेच वाक्य माझ्या घरातही दर मार्चनंतर ऐकू यायचं. तो चूक बोलत नाही. पण माझा अनुभव असा की सरकारी कामात पैसे बुडतात ते क्वचित. बहुतेक वेळा ते अडतात, आणि अडतात ते एखाद्या कागदापाशी. तो कागद कोणता हे आपल्याला कळलं तर वाट मोकळी होते. तुमच्या बाबतीत तो कागद तुम्हीच पत्रात सांगितला आहे : सहा शाळांची पोच.

बाकी ३२ शाळांच्या चलनांवर, म्हणजे मालासोबत दिलेल्या कागदांवर, सह्या आहेत असं तुम्ही लिहिलं आहे. त्या सह्या एकदा काढून बघा. सही कुणाची आहे? शिक्का आहे का? तारीख आहे का? बाकांची संख्या अंकात आणि अक्षरात आहे का? टेम्पोवाल्याने शाळेत उतरवून ज्या कुणाची सही मिळाली ती आणली, असं पहिल्या कामात सगळ्यांचं होतं. बिल तपासणाऱ्याला मात्र मुख्याध्यापकांची सही आणि शिक्का लागतो, आणि त्याहून महत्त्वाची लागते ती साठा नोंद. बाक शाळेच्या साठा नोंदवहीत कोणत्या पानावर, कोणत्या अनुक्रमांकावर चढले, हे लिहिलेलं असलं की मालाचा विषय कायमचा मिटतो. म्हणून सहा शाळांत जाल तेव्हा नुसती पोच मागू नका. "सर, साठा नोंदवहीत नोंद करून पान क्रमांक चलनावर लिहून द्या," असं स्पष्ट म्हणा. मुख्याध्यापक बदलून गेले असतील तर आताचे मुख्याध्यापक बाक मोजून आजच्या तारखेने दाखला देऊ शकतात. मागची तारीख टाकायला त्यांना सांगू नका आणि कुणी टाकली तर घेऊ नका. बाक मार्चमध्ये मिळाले आणि आज प्रत्यक्ष मोजले, असं खरं लिहिलेलं पुरतं.

या कागदाबद्दल मी इतकी आग्रही का, ते सांगते. २०२१ च्या जुलैमध्ये एका वसतिगृहाच्या गाद्यांची ऑर्डर माझ्याकडे तयार होती. गाडी भरायच्या आदल्या दिवशी कार्यालयातून फोन आला की खोल्या रिकाम्या नाहीत, आठ दिवस माल तुमच्याच गोदामात राहू द्या. मी बरं म्हटलं. लेखी काही मागितलं नाही, कारण माणसं ओळखीची होती. २२ जुलैच्या पहाटे वाशिष्ठीचं पाणी गावात शिरलं. गोदामात पुरुषभर पाणी होतं. गाद्या चिखलात गेल्या आणि नियमाप्रमाणे त्या माझ्याच होत्या, कारण माल ताब्यात घेतल्याचा कागद नव्हता. माल तयार असून त्यांच्या सांगण्यावरून थांबवला याचाही कागद नव्हता. तो फोन झाला नव्हता असं कुणी म्हटलं नाही. पण फोन बिलाला जोडता येत नाही. त्या दिवशी "आपल्या दूरध्वनीवरील सूचनेनुसार माल थांबवला आहे, तो तयार आहे" एवढी दोन ओळींची ईमेल केली असती तरी मुदतवाढीचा आणि नुकसानीचा विचार व्हायला जागा राहिली असती. पुरात माझं गोदाम गेलं त्याहून ती न पाठवलेली ईमेल मला जास्त सलते.

आता बिल. कार्यालयात जाऊन "बिल झालं का?" असं विचारलं की "लागलंय, होईल" असं उत्तर मिळतं आणि आपण तीस-चाळीस किलोमीटर परत येतो. त्याऐवजी तीन प्रश्न विचारा. बिल आत्ता कोणत्या टेबलावर आहे आणि तिथे कोणत्या तारखेला आलं? त्रुटी लेखी द्याल का, सगळ्या एकदम? आणि या कामाचा निधी कोणत्या योजनेतून, कोणत्या वर्षाचा आहे? तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. निधी जिल्हा नियोजन समितीकडून जिल्हा परिषदेकडे आलेला असेल, तर तो पुढच्या आर्थिक वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत खर्चता येतो. म्हणजे तुमच्या कामाचा निधी गेल्या वर्षीचा असेल तर येणारा ३१ मार्च ही तुमची खरी मुदत आहे. त्यानंतर पैसे परत जातात आणि नव्याने मागणी करावी लागते. फेब्रुवारी-मार्चमध्ये लेखा शाखेत बिलांचा ढीग पडतो, तेव्हा तुमचं बिल जानेवारीतच पूर्ण होऊन तिथे पडलेलं हवं. त्रुटीची पूर्तता देताना आवक क्रमांक आणि तारीख असलेली आपली प्रत घेतल्याशिवाय उठू नका.

तुमच्या बाजूने एक कायदा आहे, तो फार थोडे पुरवठादार वापरतात. सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रमांच्या २००६ च्या कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे करारात ठरलेल्या तारखेला द्यायचे असतात आणि ती तारीख माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या पुढे नेता येत नाही. तारीख ठरलीच नसेल तर १५ दिवस. माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर माल पोचला तोच दिवस स्वीकारल्याचा दिवस मानला जातो. उशीर झाला की रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्या-महिन्याला चक्रवाढ व्याज लागतं. खरेदीदार सरकारी असला तरी हे लागू आहे. तक्रार केंद्राच्या एमएसएमई मंत्रालयाच्या ऑनलाइन पोर्टलवर करायची, ती फॅसिलिटेशन कौन्सिलकडे, म्हणजे अशा थकलेल्या पैशांचे वाद सोडवणाऱ्या मंडळाकडे, जाते. तिथे आधी तडजोडीचा प्रयत्न होतो, नाही जमलं तर लवाद. निकाल तुमच्या बाजूने लागला आणि समोरच्याला तो रद्द करून घ्यायला न्यायालयात जायचं असेल, तर आधी रकमेच्या ७५ टक्के तिथे भरावे लागतात.

यात दोन अटी बघून घ्या. उद्यम नोंदणी, म्हणजे छोटा उद्योग म्हणून केंद्राकडे केलेली नोंदणी, या कामाच्या आधीची आहे ना? मागाहून केलेली नोंदणी जुन्या व्यवहाराला लागू होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ आणि २०२२ च्या निकालांत म्हटलं आहे. आणि नोंदणी उत्पादक म्हणून आहे ना? नुसत्या व्यापाऱ्याची नोंदणी बँकेच्या कर्जापुरती उपयोगी पडते, या हक्कांसाठी नाही. तुम्ही स्वतः पाइप कापून, वेल्डिंग करून बाक बनवता, तेव्हा तुमची बाजू भक्कम आहे. उद्या कोल्हापुरातून तयार कपाटं आणून पुरवायला लागलात तर ती तशी राहणार नाही.

तरी पोर्टलवर तक्रार करण्याआधी एक पत्र द्या, विनंतीचं. माल पोचल्याच्या तारखा, शाळांची यादी, त्रुटीपूर्तीचा आवक क्रमांक, आणि शेवटी एक वाक्य : सदर देयक २००६ च्या कायद्यातील मुदतीत अदा व्हावे, ही विनंती. भाषा नरम ठेवा, कायद्याचं नाव मात्र गाळू नका. मी हे पत्र दिलं तेव्हा दोनदा पुढची पायरी चढावीच लागली नाही. कारण टेबलावरच्या माणसालाही आपल्या साहेबांना दाखवायला एक कागद हवा असतो.

आणखी एक, पुढच्या बिलासाठी. करार अडीच लाखांच्या वरचा असेल तर सरकारी कार्यालय पैसे देताना जीएसटी कायद्याखाली मूळ रकमेच्या दोन टक्के टीडीएस कापून घेतं. तुमच्या कामात ते वीस हजार होतात. ते आपोआप हातात येत नाहीत. जीएसटी पोर्टलवर ते दिसले की स्वीकारावे लागतात, मग तिथल्याच तुमच्या रोख खातेवहीत जमा होतात. तुमच्या करसल्लागारांना हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवा. मी दोन वर्षं हे पैसे तिथे तसेच पडू दिले होते.

त्या जुन्या पुरवठादारांबद्दल : नाही म्हणा. आजच म्हणा, आणि 'बघते' असं म्हणू नका.

सपोर्ट म्हणजे काय, ते तुम्हाला बहुधा माहीत आहे. तीन निविदा आल्या असं दिसावं म्हणून दोघांनी मुद्दाम चढे दर भरायचे. याला संगनमताने बोली लावणं म्हणतात आणि २००२ च्या स्पर्धा कायद्यात ते बेकायदा आहे. निविदेच्या अटींप्रमाणे काळ्या यादीत नाव जातं ते वेगळंच, आणि ते एकदा गेलं की पुढच्या प्रत्येक निविदेत 'काळ्या यादीत नाही' असं प्रतिज्ञापत्र देताना तुमचा हात थांबेल. ऑनलाइन निविदेत कोणत्या संगणकावरून बोली आली त्याची नोंद राहते. एकाच ऑफिसातून तिघांच्या बोली गेल्या की लेखापरीक्षणात ते उघडं पडतं. आणि पडतं तेव्हा ज्याने काम घेतलं त्याच्याबरोबर ज्याने नुसता कागद टाकला तोही गोवला जातो. 'पुढचं काम तुमचं' या शब्दाला कागद नाही, ताई. ते पाळलं गेलं नाही तर तुम्ही कुणाकडे जाणार?

याला लागूनच विचारते. तुमची डिजिटल सही, तो यूएसबी टोकन, कुणाकडे असतो? कुडाळात काय आणि रत्नागिरीत काय, टेंडर भरून देणाऱ्या मुलाच्या ड्रॉवरमध्ये दहा-दहा पुरवठादारांचे टोकन पासवर्डसह पडलेले मी पाहिले आहेत. तुमच्या नावाने सपोर्ट टाकायला तुमचा होकारही लागणार नाही, इतकं ते सोपं आहे. टोकन घरी आणा, पासवर्ड बदला आणि निविदा स्वतः भरायला शिका. दरपत्रकाची फाइल डाउनलोड करायची, तिचं नाव किंवा रकाने न बदलता फक्त आपले दर भरायचे, शुद्धिपत्रक निघालं असेल तर नवी फाइल घ्यायची, आणि शेवटच्या तासाची वाट न बघता आदल्या दिवशी सादर करायचं. पावसाळ्यात आपल्याकडे लाइट आणि नेट कधी जाईल याचा भरवसा नाही, त्यामुळे शेवटची गोष्ट आपल्यासाठी जास्त खरी. दोन निविदा भरल्या की हात बसतो.

पत्राच्या कडेला तुम्ही पेन्सिलने लिहिलं आहे की बिल काढायला कुणीतरी टक्का सुचवला. देऊ नका. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणं हाही गुन्हा आहे. जबरदस्तीने द्यावी लागली तर सात दिवसांत कळवणाऱ्यालाच संरक्षण मिळतं. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक १०६४. आठ टक्के नफ्यातून टक्का दिला तर तुम्ही काम फुकट केलंत. आणि एकदा दिलात की पुढच्या प्रत्येक बिलाला तो तुमचा दर ठरतो.

आता नवी निविदा. चाळीस लाखांची भरू नका, या वर्षी तरी नाही. धाडस नको म्हणून सांगत नाही, तुमच्याच आकड्यांवरून सांगते. दहा लाखांच्या कामात आठ टक्के, म्हणजे ऐंशी हजार नफा. खर्च नऊ लाख वीस हजार. हे पैसे नऊ महिने अडकले. कॅश क्रेडिटचं, म्हणजे खेळत्या भांडवलाच्या बँक कर्जाचं, व्याज बारा टक्के धरलं तर ब्याऐंशी हजार आठशे होतात. म्हणजे बाक बनवून, ३८ शाळांत पोचवून तुमच्या हातात काही उरलं नाही. शिवाय जीएसटी : बिल फाडलं की त्या काळाच्या विवरणपत्रात अठरा टक्के दाखवावे लागतात, पैसे आलेले असोत वा नसोत. पोलादावर भरलेला कर वजा होतो हे खरं, पण तोही तुम्ही पुरवठादाराला आधी दिलेलाच असतो. हेच गणित चौपट झालं तर शेड गहाण पडेल.

म्हणून दर काढतानाच किमान सहा महिन्यांचं व्याज मालाच्या खर्चात धरा. त्याने तुम्ही एल-वन येणार नसाल तर येऊ नका. तोट्यातलं काम दुसऱ्याला गेलं यात हार नाही. धंद्याचा एक तृतीयांशाहून जास्त भाग सरकारी कामात जाऊ द्यायचा नाही, हा नियम मी फार उशिरा केला. ग्रिल आणि गेट सोडू नका. गणपतीआधी आणि मे महिन्यात मुंबईकर घरं दुरुस्त करतात, ते पैसे रोख येतात आणि कामगारांचे पगार त्यातूनच होतात.

कोकणातल्या कामाला आणखी काही खर्च असतात, ते घाटावरच्या स्पर्धकाच्या दरपत्रकात नसतात. ३८ शाळा म्हणजे ३८ वाड्या. निम्म्या ठिकाणी टेम्पो वर सड्यावर (माळावर) थांबतो आणि बाक डोक्यावरून खाली न्यावे लागतात, त्याची मजुरी धरा. पाइप कोल्हापूरहून येतो, आणि पावसात दरड कोसळून घाट बंद झाला की पुरवठ्याची मुदत मात्र चालूच राहते. उशिराला बहुतेक ठिकाणी दर आठवड्याला अर्धा टक्का, जास्तीत जास्त दहा टक्के अशी कपात असते. तेव्हा निविदापूर्व बैठकीला जा आणि जून ते सप्टेंबर पुरवठ्याची मुदत वाढवून मिळेल का, असं लेखी विचारा. मान्य झालं तर शुद्धिपत्रकात येतं आणि सगळ्यांना लागू होतं. घाट बंद झाला तर त्याच दिवशी मुदतवाढीचा अर्ज करा, बंदचा आदेश जोडून.

सगळ्यात मोठा खर्च गंजाचा. वेंगुर्ल्याला किनाऱ्यालगतच्या शाळेत ठेवलेला बाक आणि आंबोलीतला बाक एकसारखा टिकत नाही. हमी तीन वर्षांची आणि पावडर कोटिंग पातळ असेल, तर खाऱ्या हवेने दुसऱ्या पावसाळ्यात वेल्डिंगच्या सांध्यांवर तांबेरा दिसतो आणि हमीपोटी ठेवलेली सुरक्षा ठेव अडकते. निविदेत लिहिलंय त्याहून जाड कोटिंग करा, पायांना खालून रबरी टोप्या लावा, आणि कोटिंगच्या आधी पाइप नीट धुऊन, तेल काढून घ्या. हा खर्च दोन-तीन टक्के वाटेल, पण ठेव वेळेवर सुटते आणि पुढच्या वेळी मुख्याध्यापक तुमचं नाव आपणहून सांगतात. ठेव परत मागायची तारीख आत्ताच कॅलेंडरवर लिहा. न मागता ती परत आल्याचं मला आठवत नाही.

मग करायचं काय? छोटी कामं घ्या, आणि केंद्र सरकारच्या खरेदीदारांकडे वळा. २०१६ पासून जेम हे सरकारी खरेदीचं ऑनलाइन पोर्टल आहे, त्यावर नोंदणी करून आपले बाक, टेबलं, रॅक यांची यादी नीट फोटोसह चढवा. केंद्राच्या २०१२ च्या खरेदी धोरणानुसार मंत्रालयं आणि सार्वजनिक कंपन्यांनी वर्षाच्या खरेदीतली २५ टक्के सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करायची असते, त्यातली तीन टक्के महिलांच्या उद्योगांकडून. निविदेसोबत भरायची बयाणा रक्कम माफ, निविदा फॉर्म मोफत. तुमचा दर सर्वात कमी दरापेक्षा पंधरा टक्क्यांपर्यंत जास्त असला तरी, तो दर जुळवायची तयारी दाखवलीत तर कामाचा वाटा मिळू शकतो. यासाठी उद्यम नोंदणीत मालक म्हणून तुमचं नाव हवं. अजून वडिलांच्या नावावर असेल तर ते आधी दुरुस्त करा. आपल्याच भागात सांगेलीचं नवोदय विद्यालय आहे, कोकण रेल्वे आहे, रत्नागिरीत तटरक्षक दल आहे. जेमवर माल पोचल्यानंतर स्वीकृतीचा दाखला दहा दिवसांत निघायला हवा आणि त्यापुढे दहा दिवसांत पैसे. सगळीकडे ते काटेकोर होत नाही, पण निदान दाखला पोर्टलवर असतो, कुणाच्या कपाटात नसतो. अशी दोन-तीन लाखांची चार-पाच कामं केलीत की अनुभवाचे दाखले जमतील. मोठ्या निविदेत तेच मागतात.

भावाला हे पत्र वाचायला द्या. त्याला सोबत घेऊन येत्या शनिवारी निघा. सकाळची शाळा असते, मुख्याध्यापक साडेदहापर्यंत सापडतात, सहांपैकी निदान दोन शाळा त्या दिवशी होतील. चलनाच्या तीन-तीन कोऱ्या प्रती आणि स्टॅम्प पॅड बरोबर ठेवा, शाळेतलं पॅड कधी कधी सुकलेलं असतं. सहाही दाखले हातात आले की विनंतीच्या पत्राचा मसुदा मला पाठवा, मी वाचून दोन दिवसांत परत देईन.